हिंगणसोंडचा मामा

गळ्याशी वस्तरा टेकवून न्हाव्यानं विचारलं, "काय पाव्हणं, गाव कुठलं म्हणायचं?"

देवस्थळी सावध झाले. चौतीस वर्षं टोरंटोत काढून ते परतले होते. मुंबईला मूळच्या गिरगावात ओळखीचं कुणी उरलं नव्हतं, म्हणून कोल्हापुरात बिऱ्हाड केलं होतं. पण इथं जो तो चौकशी करी, आणि चौकशी करणारा लुबाडणारच, याची त्यांना खात्री होती. त्यांनी दिलं ठोकून, "मी बाबर. हिंगणसोंडचा." असलं गाव पृथ्वीच्या पाठीवर नव्हतं.

शेजारच्या खुर्चीतला फेसाळ चेहरा ओरडला, "आयला! आमच्या आईचं माहेर! मग तुम्ही मामाच की! धरणात गेलं न्हवं ते गाव?"

नसलेलं गाव बुडालं कसं? देवस्थळींनी टॉवेलकडे हात नेला. पण साबण पुसायच्या आत त्या भाच्यानं त्यांना मोटारसायकलवर घातलंसुद्धा. वाटेत आणखी सात भाचे मागं लागले. ही टोळीच असणार, म्हणून देवस्थळींनी खिशातला पासपोर्ट घट्ट धरला.

घरी भाच्याची आई होती, ऐंशीची. तिनं सगळ्या भाच्यांना बाहेर पिटाळलं, दार लोटलं आणि देवस्थळींना नखशिखांत न्याहाळलं.

"हिंगणसोंड म्हणून गावच न्हाई," ती हळूच म्हणाली. "पळून येऊन लगीन केलं, तवा सासूच्या भ्यानं मी ठोकून दिलं हुतं. पुढं मंडळी बघायला निघाली, तवा धरणात बुडवलं."

देवस्थळी उठायला लागले. तिनं त्यांच्यापुढं ताट सरकवलं.

"बस रं दादा. साठ वर्षांत माझ्या माहेरचं माणूस पहिल्यांदाच आलंय."