सरांची शिकवणी

"कप," काकू म्हणाल्या आणि चित्राचं कार्ड त्यांनी सरांच्या नाकासमोर धरलं.

सरांनी ओठ जुळवले. उजवा कोपरा खाली ओघळलेला, त्यामुळे अर्धा शब्द तिथूनच सांडायचा. "क... कप."

"छान. आणि हे?"

"डोअर."

"वा!"

पक्षाघाताच्या झटक्यात सरांची उजवी बाजू गेली, तशी वाचाही गेली होती. जन्मभर इंग्रजी शिकवलेल्या माणसाला साधं पाणी मागता येईना. स्पीच थेरपिस्ट मुलगी कार्डांचा गठ्ठा देऊन गेली. म्हणाली, "ज्या भाषेत ते जास्त वावरले, तिच्यातूनच सुरुवात करू. रोजचे, सोपे शब्द. आणि काकू, तुम्हीच घ्या. तुमचा आवाज त्यांच्या ओळखीचा आहे."

काकूंनी गठ्ठा घेतला खरा, पण पहिल्या दिवशी जीभ त्यांचीच टाळ्याला चिकटली.

या घरात इंग्रजी बोलणं त्यांनी कधीच सोडून दिलं होतं. लग्नाच्या नवलाईत सरांचे प्रिन्सिपॉल जेवायला आले, तेव्हा हौसेनं पाठ करून ठेवलेलं वाक्य त्यांनी म्हटलं होतं, "प्लीज सीट." सर खो खो हसले. "अगं, सीट म्हणजे बसायची जागा. तू साहेबांना खुर्ची म्हणालीस!" सगळे हसले. काकूही हसल्या. तेवढ्यावर भागलं असतं, तर विसरूनही गेल्या असत्या. पण सरांनी तो किस्सा वर्गात नेला. ऱ्हस्व-दीर्घ शिकवायची वेळ आली, की दरवर्षी नव्या मुलांपुढे तो निघायचा. मुलं वह्या द्यायला घरी यायची, काकू दार उघडून "बसा" म्हणायच्या, आणि मुलं एकमेकांकडे बघून हसू दाबायची.

"व्हिंडो," काकूंनी पुढचं कार्ड धरलं.

"आई, विंडो!" आतल्या खोलीतून लेक ओरडली. बाबांसाठी ती ऑफिसचं काम घेऊन माहेरी येऊन राहिली होती. "ओठांचा चंबू कर जरा. तू चुकीचं शिकवलंस तर बाबा तेच उचलतील."

आवाज लेकीचा, पण लकब थेट बापाची. काकूंनी ओठांचा चंबू केला. "विंडो."

"विंडो," सर म्हणाले.

पुढच्या कार्डावर खुर्चीत टेकणारा माणूस होता. काकूंनी ते क्षणभर हातातच ठेवलं. मग म्हणाल्या, "सिट." ऱ्हस्व. अगदी तोडून, ऱ्हस्व.

"सीट," सर म्हणाले.

काकू थांबल्या. ही वेळ कधी आली तर आपण पोट धरून हसू, असं त्यांच्या मनात किती वेळा येऊन गेलं होतं. पण समोर हनुवटीवर लाळ आलेला एक म्हातारा बसला होता, आणि आपण चुकलो याचा त्याला पत्ताही नव्हता. हसायचं तरी कोणावर?

"बरोबर," त्या म्हणाल्या आणि कार्ड बाजूला ठेवलं.

गठ्ठ्याच्या तळाशी बोलण्याचालण्यातले शब्द होते. प्लीज. थँक्यू. त्यांची चित्रं काढताना चित्रकाराची पंचाईत झाली असावी, कारण दोन्हींवर नुसता हसरा चेहरा होता. शेवटच्या कार्डावर मान खाली घातलेला माणूस.

"सॉरी," काकू म्हणाल्या.

"सॉरी."

ना अडखळणं, ना धडपड. कप म्हणायलासुद्धा ज्याला घाम फुटत होता, त्याच्या तोंडून हा शब्द सुळकन बाहेर आला. काकूंनी आपली खुर्ची पुढे ओढली.

"परत म्हणा."

"सॉरी."

"कार्डाकडे नको. माझ्याकडे बघून."

"सॉरी."

हा शब्द सर वापरायचे, नाही असं नाही. रस्त्यात धक्का लागलेल्या परक्या माणसाला तो मिळायचा, फोनवर चुकून लागलेल्या नंबरालाही मिळायचा. उंबऱ्याच्या आत मात्र कधी आला नव्हता. आता मागावा तेवढा मिळत होता, आणि काकू मागत राहिल्या. स्टुलावरच्या चहावर साय धरली. सरांच्या उजव्या डोळ्यातून पाणी ओघळलं. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, त्या बाजूची पापणी नीट मिटत नाही, डोळा आपोआप पाझरेल, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. काकूंनी रुमालानं गाल कोरडा केला, हनुवटीही पुसली.

"परत."

"सॉरी."

लेक दारात येऊन उभी राहिली. "आई, पुरे की आता! दमले ते. आला त्यांना तो शब्द. किती वेळा म्हणवून घेशील?"

"शब्द आलाय गं," काकू मागे वळून न बघता म्हणाल्या. "अर्थ यायचाय अजून."

त्यांनी कार्ड पुन्हा वर धरलं. सरांनी आज्ञाधारकपणे त्याच्याकडे पाहिलं, मग काकूंकडे.

"सॉरी," ते म्हणाले.

उच्चार अगदी बिनचूक होता.