अकरा वाजताचं कुलूप

अकरा वाजून दोन मिनिटं झाली आणि कंपाउंडरच्या संगणकाच्या पडद्यावर पुन्हा तीच ओळ उमटली: ‘फाइलला कुलूप आहे. थोड्या वेळानं प्रयत्न करा.’

“घ्या वहिनी! आला तुमचा पाहुणा, अगदी वेळेवर,” कंपाउंडर म्हणाला. त्याच्यासमोर टेबलावर एक बोका लस टोचून घेऊन गुरगुरत होता. बाहेरच्या बाकावर नऊ माणसं आपापली जनावरं आवरत बसली होती.

सुनेनं कपाळाला हात लावला. कुठल्या कुत्र्याला कुठलं इंजेक्शन सोसत नाही, कुठल्या गाईचं कधी ऑपरेशन झालं, दवाखान्याची ही सगळी माहिती तिनं लिहिलेल्या प्रोग्राममध्ये होती. सासऱ्यांच्या चाळीस वर्षांच्या वह्या तिनं आठ महिने बसून त्यात उतरवल्या होत्या. सगळं एका फाइलमध्ये. फाइल कोपऱ्यातल्या संगणकावर, आणि बाकीचे दोन संगणक ती तिथूनच उघडत. वाचायला कितीही जण चालतात. एकजण लिहीत असताना मात्र बाकीच्यांना फाइल क्षणभर सोडावी लागते. कुणी वाचता वाचता मध्येच थांबलं, की लिहिणारा दाराशी ताटकळतो.

आणि गेला आठवडाभर, रोज अकराच्या ठोक्याला, कुणीतरी मध्येच थांबत होतं. तिनं वाट बघायची मुदत पाच सेकंदांवरून तीसवर नेली. अँटीव्हायरसला बजावलं, या फाइलच्या वाटेला जाऊ नकोस. वायरी बदलल्या. देव पाण्यात ठेवायचे तेवढे बाकी होते.

सासरे म्हणजे मोठे डॉक्टर. उधळलेल्या बैलाला आवाजानं गप्प करणारा माणूस, घरात मात्र शब्द मोजून वापरायचा. प्रोग्राम पहिल्यांदा दाखवला तेव्हा ते नुसतं ‘हं’ म्हणाले होते. काल रात्री जेवताना मात्र तोंड उघडलं. “जनावर टेबलावर आणि तुझी फाइल रुसलेली, हे चालायचं नाही, सूनबाई. उद्या बारापर्यंत सुटलं तर ठीक. नाहीतर परवापासून वह्या.” नवरा भात कालवत राहिला. आठ महिन्यांचं काम एका वाक्यात माळ्यावर जायला निघालं होतं.

आज ती कंबर कसून बसली होती. कुलूप पडताच तिनं कोपऱ्यातल्या संगणकावर यादी काढली: या क्षणी फाइल कुणी धरून ठेवलीय? यादीत एकच नाव होतं. आतल्या केबिनचा संगणक. सासऱ्यांचा.

तिनं पुन्हा पाहिलं. फाइल तिच्या प्रोग्रामनं धरली नव्हतीच. वह्या उतरवताना पडताळणीसाठी तिनं त्या संगणकावर एक साधन घातलं होतं, पूर्ण फाइल एका तक्त्यात दाखवणारं. काढायचं विसरली. ती चूक तिची. पण ते रोज कोण उघडत होतं? सगळी यादी मागवायची, पहिल्या चार ओळी बघायच्या आणि अर्ध्यात तशीच सोडून द्यायची. फाइल बिचारी अडकून पडायची.

तिच्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे स्वतःच कुलूप घालायचं आणि वर मुदतही द्यायची! वह्याच हव्या होत्या तर तोंडावर सांगायचं की.

“वहिनी, सबुरीनं घ्या,” कंपाउंडर म्हणाला. “आत कुणीतरी बसलंय. हल्ली रोज अकराला कुणी ना कुणी चहाला असतंच त्यांच्याकडे.”

“बसू दे. चार लोकांदेखतच होऊन जाऊ दे काय ते.”

केबिनचं दार अर्धवट लोटलेलं होतं. तिनं कडीला हात घातला आणि थांबली. आत पलीकडच्या गल्लीतले म्हातारे डॉक्टर बसले होते. तीस वर्षं दोघांची पेशंटवरून चढाओढ. सासऱ्यांनी पडदा पुरता त्यांच्याकडे वळवला होता. त्यावर ओळीखाली ओळ, तक्ता भरून.

“खाली सरकव की,” पाहुणे म्हणाले.

“नको. पुढं गेलं की मला परत येता येत नाही. एवढंच बघ. बारा हजार जनावरं आहेत. तुझ्या लंगड्या घोडीचंही नाव आहे यात.”

“कितीला घेतलंस?”

“घेतलंस? अरे, विकत कुठं मिळायचं हे! माझ्या सुनेनं केलंय. एकटीनं. माझं अक्षर मला लागत नाही, ते तिनं लावलं.”

“मग अडतंय म्हणून बोंब का चाललीय तुमच्याकडे?”

“असेल काहीतरी बारीकसं. तिला बारापर्यंत मुदत दिलीय. अकरा पन्नासला सोडवून मोकळी होईल. लाव पैज!”

तिचा हात कडीवरून खाली आला. राग कुठल्या कुठं पळाला. आठ महिन्यांत ऐकायला न मिळालेलं सगळं या फटीतून एकदम ऐकू आलं होतं, आणि आनंदानं तिचा ऊर भरून आला. आत जाऊन पडद्यावरची ती खिडकी बंद केली की झालं. तेवढंही नको, कोपऱ्यातल्या संगणकावरून एका बटणात ती सुटली असती. तिनं घड्याळात पाहिलं. अकरा वीस.

तिनं दार हलकेच ओढून घेतलं आणि परत आली. खुर्ची ओढली, कोरा कागद घेतला आणि बोक्याच्या लसीची नोंद पेनानं लिहायला लागली.

“काय वहिनी, सापडला का चोर?” कंपाउंडरनं विचारलं.

“सापडला. उद्यापासून त्याला बघायला फाइलची वेगळी प्रत देऊ. बाहेरच्यांना सांग, वाचता सगळं येतंय, कुणाचंही काम अडणार नाही. नोंदी मी मागाहून चढवते.”

“मग कुलूप काढा ना आत्ताच. मोठे डॉक्टर बाराची वाट बघतायत.”

“नाही,” ती म्हणाली, “अकरा पन्नासला काढीन.”