भोगीची भाजी

भोगीच्या सकाळी मी चुलीपाशी वालाच्या शेंगा सोलत होते. थोरली जाऊ सुभद्राबाई म्हणाली, “ऊठ आता. सवाष्णी जेवायला येऊन राहिल्या. भाजीला रंडकीचा हात नको.” पटकीत नवरा गेला तवापासून तीन सालं हे मुकाट ऐकलं होतं. आज डोस्कं फिरलं. “बराबर हाय, बाई,” म्हणलं अन् टोपली ओढली. शेंगा उचलल्या, परसातला वेल मी लावलेला. तीळ उचलले, दसऱ्यापासून कडुलिंबाच्या पाल्यात मी जपलेले. वाळल्या मिरच्या, वांगी टाकली. बाजरीचं पीठबी परातीसकट घेतलं. कणगी मी लिपलेली, जातं मी ओढलेलं. चुलीवर नुसतं पाणी खदखदून राहिलं. दारात सवाष्णींच्या बांगड्या वाजल्या. जाऊ ओरडली, “आता मी शिजवू काय?” मिठाचं गाडगं मी पायानं तिच्याकडं ढकललं. “हे शिजवा. कळमनुरीच्या बाजारातलं हाय. बघा, आताबी हात लावला न्हाई.”