पुढं ओढलेली सीट

रणजितचा गुडघा पुन्हा स्टिअरिंगखाली धडकला.

सीट पुढं ओढलेली होती. रात्री त्यानं स्वतःच्या हातानं ती पार शेवटच्या खाचेपर्यंत मागं ढकलली होती. गडी सहा फुटाचा. आता सीट अशी पुढं आली होती की पाच फुटाच्या माणसाचाच पाय क्लचवर नीट पोचावा. आतला आरसाही खाली वळवलेला. सलग नववा दिवस.

रेश्मा पाच फूट होती.

तिला जाऊन चार महिने झाले. इंदापूरच्या अलीकडं हायवेला गाडी दुभाजकावर चढून उलटली. दोघंही बाहेर फेकली गेली. रणजितला कपाळावर सहा टाके पडले. बायको जागेवर गेली. चालक म्हणून कागदावर रेश्माचं नाव लागलं.

बाईच्या हातात गाडी दिली की असंच व्हायचं, असं दहाव्याला घाटावर सगळ्या पुरुषांनी सांगून टाकलं. ज्यांना रिव्हर्स कसा टाकतात ते ठाऊक नव्हतं, तेही बोलले. रेश्मा पहिल्या टेस्टला पास झाली होती. रणजितचं लायसन एजंटनं घरपोच आणून दिलं होतं. हे मात्र एकाच्याही तोंडून निघालं नाही.

कावळा शिवला नाही. ऊन डोक्यावर आलं तेव्हा दर्भाचा कावळा करून उरकलं.

शनिवारी रणजितनं गाडी एमआयडीसीच्या रस्त्याला बुद्धघोषच्या गॅरेजला घातली. अपघातात मोडलेली गाडी दुरुस्त करून दिली होती ती बुद्धघोषनंच.

"सीटला वेल्डिंग मार," रणजित म्हणाला. "हलायलाच नको."

बुद्धघोष सीटखाली बॅटरी मारून बघत होता. "आन उद्या दुसरं कोण बसलं तर? लॉक ठणठणीत हाय, दादा. सीट सरकती ती रेल तेवढी कोरडी पडली हुती, ग्रीस भरलंय. हात जपा, कापडाला लागलं तर डाग निघत न्हाय."

"मग पुढं कशी येती?"

"आपोआप न्हाय येत. खालचा दांडा उचलल्याबिगर इंचभर सरकत न्हाय ती. कुणीतरी उचलतंय."

"गाडी लॉक असती. किल्ली माझ्या उशाखाली."

"दुसरी?"

रणजितनं रस्त्याकडं पाहिलं. "रेश्मापाशी हुती. घावली न्हाय."

बुद्धघोषनं बॅटरी विझवली. मग त्यानं बेल्टच्या खाचेत खोचलेली क्लिप उपसली. बेल्ट न लावता गाडीचं पिंपिं बंद ठेवायला बाजारात मिळते, तसली. पुढच्या दोन्ही सीटना होती.

"ही तरी काढा आता."

"ऱ्हाऊ दे. डोकं उठतं त्या आवाजानं."

रविवारी सकाळी सीट पुन्हा पुढं होती. ग्रीसमुळं उलट अलगद सरकत होती.

रणजित जेवायला बसला. कुशाबाई भाकरी वाढायला वाकली तेव्हा तिच्या पदराला काळा डाग दिसला.

"आये, पदराला काय लागलं?"

"तवा घासला." तिनं पदर कमरेला खोचला. "उद्या इंदापूरला पोलीस ठाण्यात जायाचंय न्हवं?"

"व्हय. अकराला सोपानतात्या थेट तितंच येतो म्हणालेत."

सोपानतात्या म्हणजे रेश्माचे वडील. चार महिने म्हातारा सही करत नव्हता. आता कुठं तयार झाला होता. आपली मुलगीच गाडी चालवत होती, जावयाविरुद्ध तक्रार नाही, एवढं लिहून दिलं की प्रकरण मिटणार होतं. रणजितचा जीव त्या सहीत अडकला होता.

"सीट आजबी पुढंच हुती का रं?"

रणजितनं मान हलवली.

"जाईना झालीय ती. तिचं काय ऱ्हायलंय ते तिलाच इचार. मोठ्यानं."

"घाटावर इचारलं की."

"व्हय तर. तुझ्या पोरीला डाक्टर करतो, दुसरं लगीन करत न्हाय, आख्खा गाव ऐकत हुता." कुशाबाईनं आमटी वाढली. "कावळा तेवढा हलला न्हाय."

त्या रात्री रणजित खिडकीशी बसून राहिला. पत्र्याच्या शेडखाली गाडी चांदण्यात पांढरी दिसत होती. चारपर्यंत काही हललं नाही. मग त्याचा डोळा लागला.

उजाडल्यावर तो अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आला. गाडीचं दार उघडलं आणि तिथंच थिजला.

सीट पुढं. आरसा खाली. आणि पाठीशी लाल फुलांची छोटी उशी टेकवलेली. गाडी चालवताना रेश्मा घ्यायची ती. चार महिन्यांत त्यानं ती उशी पाहिलीसुद्धा नव्हती.

त्यानं दार धरलं.

"रेश्मे," तो म्हणाला. मग एकदम ओरडला. "का छळतीस मला? काय पायजे तुला? ही सीट कशाला वडतीस पुढं? त्या दिवशी तू कुठं बसली हुतीस हितं? डाव्या अंगाला झोपली हुतीस तू! मोबाईल माझ्या हातात हुता, स्टेरिंगवर मी हुतो! झालं? आता तरी जा!"

गोठ्यात म्हैस हंबरली. मागं कुणीतरी उभं होतं. रणजित वळला. आईच होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जराही आश्चर्य नव्हतं.

"ऐकलंसा न्हवं, सोपानराव?" कुशाबाई शेडकडं बघत म्हणाली.

पत्र्याआडून सोपानतात्या बाहेर आले. कुशाबाईनं कनवटीची दुसरी किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली, आणि बोटांचं काळं ग्रीस पदराला पुसलं.