माळावरचा खड्डा

जेसीबीचा दात वर उचलला गेला, तशी सुचित्रा धावत जाऊन त्याच्या पुढ्यात उभी राहिली.

"मॅडम, बाजूला व्हा," सरपंच आप्पासाहेब म्हणाले. "झाडं लावतोय आमी, तोडत न्हाई. तुमीच आडव्या आल्यावर कसं व्हायचं?"

खर्ड्याजवळच्या या माळावर ती मुंग्यांचा अभ्यास करत होती. तिच्या पायाशी मातीच्या कड्यांचं बसकं वारूळ होतं. ही मुंगी उघड्या गवतातच राहते, वर सावली आली की तग धरत नाही. अख्खा माळ पालथा घालून तिला हे एकच वारूळ सापडलं होतं.

"एवढा एक खड्डा सोडा," ती म्हणाली. आवाज उगाच चढला, तिचा तिलाच राग आला.

छबूबाई कडुलिंबाचं रोप छातीशी धरून उभी होती. "हितंच पायजे, बाई. माजा कल्याण हितं शेरडं राखायचा. हितंच ऊन लागून पडला, परत उठला न्हाई. टेकायला एक झाड न्हवतं लेकराला."

सुचित्रा बाजूला झाली.

दात खाली आला. वारुळाची एक कड ढासळली आणि आतून मुंग्या उसळल्या. सैरावैरा धावत होत्या. एकेकीच्या तोंडात तांदळाच्या कणीएवढं पांढरं काहीतरी होतं.

"आजून खोल घे रे," आप्पासाहेब ड्रायव्हरला ओरडले.

"थांब," छबूबाई खाली वाकली. "बाई, काय न्हेत्यात ह्या?"

"पिल्लं."

मुंग्या छबूबाईच्या पायांवरून चालल्या होत्या. तिनं पाय हलवला नाही.

"मशीन मागं घे."

"छबूबाई, आवं समदी खोळंबलीत..."

"मागं घे म्हनते न्हवं!"

मशीन घरघरत मागे सरलं. सुचित्रा गुडघ्यांवर बसून ढेकळं उचलू लागली, मग थांबली. हात लावावा की लावू नये, तिला ठरवता येईना. ती पुन्हा उठली, वारुळाभोवती फिरली, पुन्हा बसली.

"ह्यांची आई असती ना आत?" छबूबाईनं विचारलं. "निघाली का ती?"

"माहीत नाही, मावशी."

छबूबाई रोप मांडीवर घेऊन तिथंच भर उन्हात बसली. पदरानं तिनं रोपावर सावली धरली.

"मंग बघू वाट," ती म्हणाली.