पिवळं पाणी

कळंबजवळच्या साखर कारखान्याचा आगीचा बंब मी चालवायचो. नवाकोरा आला, त्या दिवशी आईनं त्याच्या टाकीत बिरदेवाचा मूठभर भंडारा टाकला. तेव्हापासून विहिरीचं कितीही स्वच्छ पाणी भरा, टाकीत ते पिवळंच दिसायचं.

एकच खोड होती. बंब जागेवर उभा असतानाच टाकी रिकामी व्हायची. खालची माती मात्र कोरडी. आणि त्याच दिवशी शेजारच्या वरकुटे गावाकडं कुणाची तरी पेटलेली कडब्याची गंजी आपोआप विझायची. राखेत पिवळं पाणी साचलेलं असायचं. असला गुणी बंब मी दुसरा पाहिला नाही.

छत्तीस साली बंब बनवणाऱ्या कंपनीचं पत्र आलं : या खेपेच्या टाक्या गळक्या निघाल्या आहेत, बंब परत करा.

गळका म्हणे! मी टाकी काठोकाठ भरली आणि बारामतीला कंपनीच्या माणसासमोर झाकण उघडलं. आत थेंब नव्हता.

बंब कायमचा तिथंच सोडून मी घर गाठलं. सगळं छप्पर पिवळ्या पाण्यानं ठिबकत होतं. आई दारात चिंब भिजून उभी होती.

"आये, कुठं पेटलं हुतं?"

"कुठंच न्हाय, लेका. चूलबी अजून पेटवली न्हाय."