बारशाची तपेली

दोन मुलं पोट फुगून गेली, तिसऱ्याचंही पोट टणक झालं, तेव्हा लष्कराच्या छावणीत पाणी तपासणाऱ्या शामकांतने तिथला जांभळा दिवा घरी आणला आणि भरदुपारी स्वयंपाकघराच्या खिडक्या लावून घेतल्या. दिव्याखाली काचेच्या नळीतलं तपासणीचं औषध हिरवं चमकू लागलं. तांबं उतरलेलं पाणी घातलं की ही चमक जाते. विहिरीचं पाणी घातलं, चमक राहिली. बाळाचं दूध फाडून त्याचं पाणी घातलं. चमक गेली. "दिवा मालवला का हो?" बायकोने विचारलं. "नाही, दिवा लागलेलाच आहे." तिच्यामागे फटीतून आलेल्या उन्हात तांब्याची तपेली लखलखत होती, थोरल्याच्या बारशाची, त्याचं नाव कोरलेली. तिघांचं दूध तिच्यातच तापलेलं. लढाईमुळे कल्हईला कथील मिळत नव्हतं, आतून तांबं उघडं पडलं होतं. बायको रोज चिंचेनं घासायची. "गवळ्याच्याच दुधात काहीतरी असणार," बाळाला थोपटत ती म्हणाली. शामकांतने तपेली उचलली. "थांबा, तपेली पुन्हा घासते, दुसरं तापवते."